खिडकीतला दहावा

जहाजातून उतरताना शिंप्याने आणि त्याच्या टोपीवाल्या मेहुण्याने एकच पेटी दोन बाजूंनी धरली होती. पुढे देव मात्र त्यांना मिळून उचलता आला नाही. टोप्यांच्या कारखान्यामागच्या खोलीत नव्या ज्यू वस्तीचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, उभे राहिले आणि धर्मग्रंथ वाचण्याचा चौथरा मध्यभागी असावा की भिंतीलगत, यावरून वर्षभरात फुटले. शिंपी भिंतवाला. त्याने अंगणापलीकडच्या इस्त्रीच्या खोलीत दुसरे सिनेगॉग थाटले. एकमेकांच्या उंबरठ्यावर पाऊल न ठेवण्याची शपथ दोघांनीही घेतली आणि समोरचे बेसूर गाणे कानी पडू नये म्हणून शिंप्याने खिडकी विटांनी बुजवली. देवाला बहुधा दोन्हीकडचे सारखेच कमी ऐकू येत असावे.

मग मायदेशी शिंप्याचे वडील वारल्याची बातमी आली. मृत बापासाठी मुलाने म्हणायची कद्दिशची प्रार्थना दहा पुरुषांखेरीज होत नाही, आणि दूधवाला दुसऱ्या शहरी गेल्यापासून शिंप्याकडे नऊच उरले होते. बाप समुद्रापलीकडच्या मातीत, आणि मुलगा एका दाढीवाचून अडलेला. धर्माने एक फट ठेवली होती: बाहेर उभ्या माणसाचा चेहरा खिडकीतून दिसला, तर तोही मोजणीत धरतात. फक्त खिडकी हवी.

शिंप्याच्या ताईने आपल्या नवऱ्याला, टोपीवाल्याला, गाठले. तो यायला कबूल झाला; मात्र भिंत मेहुण्यानेच फोडावी आणि आपल्याला ते बघायला खुर्ची मिळावी, ही अट.

शिंप्याने छिन्नी उचलली.

"बांधताना एवढा घाम गाळला नव्हतास," टोपीवाला खुर्चीतून म्हणाला.

"भावोजी, तोंड फक्त दाखवायचंय. चालवायचं नाही."

अखेर भगदाडात विटांच्या धुळीने लाल झालेली दाढी उगवली. दहा झाले. शिंप्याने प्रार्थना सुरू केली आणि अर्ध्यात तो अडला. पुढचा शब्द काही केल्या ओठांवर येईना. तो शब्द खिडकीतून आला, त्याच बेसूर चालीत. शिंपी त्या चालीचे बोट धरून शेवटापर्यंत गेला.

"आमेन," दाढी म्हणाली. मग जरा थांबून, "हे अकरा महिने रोज म्हणायचं असतं ना? मग पावसात काय करू? आत तर मी येणार नाही."

"मीही बोलावणार नाही," शिंपी म्हणाला. डोळे पुसून त्याने गळ्यातली टेप काढली आणि अंगणात जाऊन खुर्चीवर ताणायच्या कापडी छताचे माप घेऊ लागला.