फळा भरेपर्यंत ‘नाही’ म्हणायचं नाही

मी फळा बोलतोय. पण माझ्या आठवणींवर फार भरवसा ठेवू नका. ज्याला जन्मभर रोज पुसलं गेलं, त्याने छातीठोकपणे काय सांगावं? त्या दिवशी बाहेर बर्फ होता की नुसतं धुकं, हेही मला आता नक्की आठवत नाही. मला जे घडल्यासारखं वाटतं, ते सांगतो.

तरुणपणी मी चेक देशातल्या बर्नो शहराच्या विद्यापीठात होतो. शिकलो भरपूर; शहाणा झालो का, ही शंका अजून आहे. तिथे माझ्यावर फक्त बरोबर उत्तरं लिहीत. पुढे मला वस्तूंचे आराखडे करणाऱ्या सरकारी कार्यालयात आणलं, आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी लिहिलं, ‘खुर्चीला पायच नकोत.’ मी हादरलो.

हळूहळू मला तिथली रीत कळली. सगळ्यांनी सुचेल ते बोलायचं, वेडंवाकडं असलं तरी. बोललेलं सगळं माझ्यावर लिहायचं. मी भरेपर्यंत कुणी ‘नाही’ म्हणायचं नाही. म्हटलं तर त्याने सगळ्यांसाठी कॉफी करायची. निवड दुसऱ्या दिवशी. हा नियम आमचे प्रमुख, इंजिनियर कुबेश यांनीच भिंतीवर लावला होता. वरच्या साहेबांना दाखवायला बरा दिसे.

मग वृद्धाश्रमाच्या दारांचं काम आलं. आमच्याकडे दाराला आतून दाबायची दांडी असते आणि बाहेरून न फिरणारी गोल मूठ. दार ओढलं गेलं, की किल्ली विसरलेला माणूस सपाता घालून बाहेरच. आमच्याकडे आराखडे काढणाऱ्या व्लास्ताची आई, ओतिलीबाई, अशीच थंड जिन्यात अर्धा दिवस उभी राहिली होती. खिशात किल्ली होती, पण संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांना ती फिरवता येईना. ती त्याच आश्रमात राहायला जाणार होती.

“आश्रमाच्या समितीला सुंदर मूठ हवी आहे,” कुबेश म्हणाले. “मुठीबद्दलच बोला.”

“मूठ नकोच,” व्लास्ता म्हणाली. “बाहेरूनही दांडी लावा.”

“नाही! चोर येतील!”

“काय चोरायला, साहेब? कवळ्या?” लुबोश म्हणाला. तो आमच्यातला सगळ्यात वात्रट. “आणि तुम्ही ‘नाही’ म्हणालात. माझ्या कॉफीत दोन चमचे साखर.”

कुबेश लालबुंद होऊन कॉफी करून आले. तोवर माझ्यावर ‘दारच काढा’, ‘पडदा लावा’, ‘गुडघ्याने उघडा’ असं बरंच जमलं होतं. ते पाहून ते कडाडले, “गुडघ्याने? मग कोपराने का नको? की डोक्याने धडक मारायची?”

“लिही, व्लास्ता. साहेबांनी कोपर सुचवलं,” लुबोश म्हणाला.

हसू उसळलं. व्लास्ता मात्र हसली नाही. तिने माझ्यावर खडूने लांब, रुंद, टोकाशी आत वळलेली दांडी काढली आणि तिच्यावर टेकलेलं कोपर. विद्यापीठात मी इतकी प्रमेयं पाहिली, पण त्यातलं एकही कुणा म्हातारीला घरात घेणारं नव्हतं.

“पुसा हा चिखल,” कुबेश म्हणाले.

“फळा अजून भरलेला नाही,” व्लास्ता म्हणाली. “नियम तुमचाच आहे.”

“बाजूला हो!”

“नाही होणार. करते मी कॉफी, हवी तितकी.”

ती मला पाठ लावून उभी राहिली. कुबेशनी तिच्या दोन्ही बाजूंनी फडकं फिरवलं. हाताशी आलं ते सगळं गेलं. पण ती वळली, तेव्हा तिच्या निळ्या डगल्याच्या पाठीवर ती दांडी उलटी उमटली होती. तशीच ती तरातरा कार्यालयाच्या कारखान्यात गेली.

सोमवारी समिती आली. आमच्या सभागृहाच्या दारावरची मूठ नाहीशी झाली होती; तिथे लाकडाची, घाईत तासलेली दांडी होती. अध्यक्ष एका हातात कॉफीचा ग्लास आणि दुसऱ्यात अंडं-काकडीच्या पावांची बशी घेऊन आले. बोलता बोलता त्यांनी कोपराने दार उघडलं आणि आत गेले. आपण काय केलं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मागून येणाऱ्या कुबेशच्या मात्र आलं.

“साहेब, तुमचीच कल्पना,” व्लास्ता म्हणाली.

या वेळी ते ‘नाही’ म्हणाले नाहीत.

पुढे ते कार्यालय बंद पडलं. आता मी त्याच आश्रमाच्या जेवणघरात आहे. कडेला तडा गेलाय. माझ्यावर ‘बटाट्याचं सूप’ लिहितात आणि दुपारी पुसतात. पुसा, माझी तक्रार नाही. पण तुम्ही कुठे काही नवं घडवायला बसलात, तर अर्ध्या फळ्यावर फडकं मारू नका. कुणी मारू लागला, तर आडवे या.

इथे येईपर्यंत ओतिलीबाई वारल्या होत्या. त्यांच्या दाराचं काय झालं, हे मला ठाऊक नव्हतं. परवा एक जुनी परिचारिका नवीला त्यांच्याबद्दल सांगत होती, तेव्हा कळलं: म्हातारी रोज जेवायला निघताना मागे दार धाडकन आपटून बंद करायची, आणि परत आली की कोपराने उघडून आत जायची.