ड्यूईच्या चाकावरची चकती

गॅरेजमधून पुन्हा "टक्" असा आवाज आला आणि हॉलिसनं हातातला घास ताटात ठेवला. वाऱ्यानं होतं, असं तो स्वतःला समजावायचा. दाराखालच्या फटीतून वारा शिरतो, ठोकळ्यांवर चढवून ठेवलेल्या ड्यूईच्या गाडीचं पुढचं डावं चाक जरासं हलतं, आणि आत काहीतरी घरंगळून चाक झाकणाऱ्या चकतीवर आपटतं. पण आज बेल गार्डन्सच्या सगळ्या वस्तीत झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

गाडी गेल्या उन्हाळ्यापासून तिथं होती. एल मिराजच्या कोरड्या तळ्यावरच्या शर्यतीत ती भरवेगात डावीकडे ओढली गेली आणि उलटीपालटी होत धुळीत दिसेनाशी झाली. धूळ बसेपर्यंत ड्यूई संपला होता. ड्यूई म्हणजे हॉलिसचा जिवलग मित्र आणि धाकट्या बहिणीचा, लोरीनचा, नवरा. आडवा वारा आला म्हणून शर्यतीच्या क्लबच्या लोकांनी वाऱ्यावर खापर फोडलं. हॉलिसनं ते फोडू दिलं.

चाकांवरच्या चकत्या हॉलिसच बनवायचा. लेथवर अॅल्युमिनियमचा पत्रा गरगर फिरत असायचा आणि लांब दांडा काखेत धरून, अंगाचा भार टाकून तो पत्र्याला लाकडी साच्यावर दाबत न्यायचा. चाकावर अशी गुळगुळीत चकती बसली की वारा अडत नाही, गाडी ताशी चार मैल जास्त काढते, आणि दिसते तर अशी की पोरी वळून बघतात. तोटा एकच. चकतीखाली चाकाचे नट झाकले जातात.

म्हणून तळ्यावरच्या लोकांचा रिवाज ठरलेला होता. ज्यानं नट आवळले, त्यानंच आपल्या हातानं चकती लावायची. चालवणारा येतो, बोटांनी चकतीवर टकटक करतो आणि गाडीत बसतो. "घट्ट केलेस ना?" असं विचारायचं नाही. विचारणं म्हणजे समोरच्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. ओक्लाहोमात धुळीच्या वादळांत शेतं गमावून आलेली माणसं ही, खिशात दमडी नव्हती, पण मिजास मात्र सगळी सोबत आणली होती.

त्या सकाळी हॉलिसनं डाव्या चाकाचे नट नुसते बोटांनी फिरवून ठेवले आणि तो पाना आणायला गेला. वाटेत कुणीतरी कार्ब्युरेटरचा विषय काढला. त्या विषयावर हॉलिस देवाच्या दारातसुद्धा थांबला असता. परत आला तर चकती बसलेली. ड्यूईनंच आवळून लावली असणार, त्याला वाटलं. ड्यूई आला, टकटक केलं, हसला आणि बसला. हॉलिसनं विचारायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

तेव्हापासून ड्यूई गॅरेजमध्ये होता. डाव्या चाकासमोर उकिडवा, पाठमोरा, त्या दिवशीच्याच पांढऱ्या सदऱ्यात. दिसायचा म्हणजे दिसायचा, त्यात भ्रमबिम काही नाही. तो कधी वळला नाही, की बोलला नाही. चकती उघडायची हॉलिसची छाती होत नव्हती. उघडली नाही तोवर आत खडा आहे असं म्हणता येत होतं.

जेवण तसंच टाकून तो गॅरेजमध्ये उभा असतानाच लोरीन आली. हातात मक्याच्या पावाचं भांडं.

"कधी झाडलंयस रे इथं? माणसं राहतात की उंदीर?"

"उंदीरही सोडून गेले. काय काढलंस?"

"मला ती चकती हवीय. डावी. भिंतीवर लावणार आहे."

"ती कशाला? नवी करून देतो, आरशासारखी."

"नवी घेऊन काय करू? ही माझ्या हातची आहे."

"तुझ्या हातची कशी? लेथवर कंबर माझी मोडली."

"अरे, बनवलीस तू, पण लावली मी!" लोरीन हसली. "त्या दिवशी तू कुठं गप्पा ठोकत होतास देव जाणे, चकती चाकाशी धुळीत पडलेली. म्हटलं, भावाचं काम झालंय, एवढं तरी आपण करावं. ड्यूई मला गाडीला हात लावू द्यायचा का कधी? तेवढं एकच काम केलं मी त्याच्या गाडीचं, हॉलिस. तेच आठवत झोपते."

ड्यूईनं आवळले असतील ही हॉलिसची उरलीसुरली आशाही गेली. आणि त्याच क्षणी मनात आलं, म्हणजे पाप माझ्या एकट्याचं नाही. हे मनात आलं याची त्याला इतकी किळस आली की तो बहिणीकडे बघू शकला नाही. वर्षभर ती ज्या आठवणीवर जगली, तीच तिच्या गळ्याला फास होणार होती.

"आज राहू दे," तो घाईनं म्हणाला. "स्क्रू गंजून धरलेत. मी काढून आणून देतो घरी."

"मला शिकवतोस? विमानाच्या कारखान्यात दिवसभर पत्र्यांत रिव्हेट ठोकते मी." ती चाकाजवळ गेली आणि तिनं ते हातानं ढकललं.

टक्.

"आत स्क्रू पडलाय," हॉलिस म्हणाला. "माझ्याच हातून."

"स्क्रूचा आवाज असा नसतो." तिचं हसू गेलं होतं. तिनं बाकावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि ती खाली बसली. तिला जागा व्हावी म्हणून ड्यूई थोडा बाजूला सरकला. हॉलिसनं ते डोळ्यांनी पाहिलं.

चकती निघाली. आत अडकलेला एक सुटा नट जमिनीवर पडला. उरलेल्यांना लोरीननं बोट लावलं. ते फिरले.

"मी घट्ट केले नव्हते," हॉलिस म्हणाला. "पाना आणायला गेलो आणि विसरलो. दोष माझा आहे. तू यात कुठंच नाहीस."

"लावली मी."

"तुला काय ठाऊक होतं?"

"आमच्याकडे मी ठोकलेलं रिव्हेट दुसरी बाई तपासते. रोज. तिनं विचारलं म्हणून माझं नाक कापलं जात नाही." तिचा आवाज फाटला. "तुम्हा पुरुषांच्या नादानं मीही गप्प बसले. तिघं होतो आपण. एकानं तोंड उघडलं असतं ना रे!"

टायरवर डोकं टेकून ती रडली. हॉलिसही रडला, गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच. मग तिनं पडलेला नट उचलून त्याच्यापुढे धरला.

"पाना घे."

"आता काय उपयोग, लोरीन?"

"घे म्हणते ना."

त्यानं नट बसवला आणि एकेक करून सगळे आवळले. ती मांडीवर चकती घेऊन बघत राहिली.

"घट्ट केलेस?"

असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. राग यायला हवा होता, आला नाही. त्यानं पाना तिच्या हातात दिला. "तू बघ."

लोरीननं सगळा भार टाकून पाहिलं. एकही नट हलला नाही. हॉलिस चकती लावायला पुढे झाला, तर तिनं ती घट्ट छातीशी धरली आणि ती चाकाशेजारच्या, ड्यूई सरकला होता त्या मोकळ्या जागेकडे पाहत म्हणाली, "उघडंच राहू दे. त्याला दिसू दे."