बिनदारांचं घर

सकाळी सुताराची बायको उठली तेव्हा घरातल्या एकाही खोलीला दार नव्हतं. स्वयंपाकघराचं, झोपायच्या खोलीचं, न्हाणीघराचंसुद्धा दार बिजागऱ्यांसकट उतरवून बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेलं. त्यांच्यापुढे सुतार उभा. कानामागे पेन्सिल, केसांत भुसा, आणि तोंडाचा पट्टा चालू.

"आपली दारं फार जड आहेत गं. सगळी रंधा मारून निम्म्या जाडीची करतो. मग गल्लीतल्या सगळ्यांची करून देतो. माणसं कशी हलकी होतील बघ!"

डॉक्टरांनी त्याच्या आजाराला बायपोलर असं नाव सांगून बरीच वर्षं झाली होती. मधला काळ चांगला गेला आणि तिथेच घोटाळा झाला. बरं वाटतंय तर गोळ्या कशाला, असं म्हणून त्याने त्या परस्पर बंद केल्या. गेले काही दिवस त्याची झोप उडाली होती. हातात काम भरपूर आहे म्हणून असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

तिने दोन फोन केले. पहिला दवाखान्यात. तिथल्या नर्सने शांतपणे विचारलं, "जेवतायत का? स्वतःला किंवा कुणाला इजा करायचं काही बोलले का? घरात धारदार वस्तू आहेत?" ती म्हणाली, "अहो, सुताराचं घर आहे, दुसरं काय असणार?" नर्स म्हणाली, "मग जमतील तेवढ्या बाजूला करा. वाद घालू नका. आजच घेऊन या. नाहीच ऐकलं तर पुन्हा फोन करा, आम्ही इथून माणसं पाठवू."

दुसरा फोन नणंदेला. ताई दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या, लगेच आल्या. भावाशी गप्पा मारता मारता त्यांनी करवतीच्या मशीनची वायर काढली आणि पटाश्यांची पेटी आपल्या पिशवीत टाकली. मग भावजयीला ओट्यापाशी ओढून कुजबुजल्या, "दवाखान्यात खिडक्या बसवायच्यात म्हणून सांगू. उड्या मारत येईल."

"नको, ताई. फसवून नेलं तर पुढच्या वेळी माझ्यावर विश्वास कसा ठेवतील?"

तिने बाहेर येऊन सरळच सांगितलं, "अहो, तुम्हाला पुन्हा त्रास सुरू झालाय. आपण डॉक्टरबाईंकडे जाऊ या."

"मी? मी ठणठणीत आहे!"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, झोप उडाली की मला घेऊन जा, मी काही का बोलेना?"

"तेव्हा मी आजारी होतो. आजारी माणसाचं काय ऐकतेस?"

तिला हसूही आलं आणि रडूही.

तेवढ्यात त्याची म्हातारी आई खांद्यावर टॉवेल टाकून आली. न्हाणीघराच्या रिकाम्या चौकटीकडे बघत म्हणाली, "अरे बाळा, मी आंघोळ कशी करू?"

सुतार थबकला. "एवढंच ना? आत्ता बसवतो बघ."

त्याने दार उचललं, चौकटीला लावलं, वरच्या बिजागरीत स्क्रू घातला. तो अर्धाच पिळला आणि खालच्याकडे वळला. मग कडी बदलू या म्हणाला, कडी शोधायला गेला आणि येताना रंग घेऊन आला. दार कलंडलं. बायकोने आणि ताईंनी ते वरच्यावर झेललं. त्याने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. आई टॉवेल सावरत स्टुलावर बसून राहिली. कुणीच घाई केली नाही.

शेवटी तो खाली बसला. मूठभर स्क्रू जमिनीवर सांडले होते.

"डोक्यात एक विचार येतो, तो धरेपर्यंत दहा पुढे गेलेले असतात," तो म्हणाला. "अगं, मला साधं दार लावता येत नाहीये."

"दिसतंय मला."

"चल. पण तू सोबत राहायचंस. आणि माझ्याबद्दल बोलायचं ते माझ्यासमोर."

दवाखान्यात बसल्या जागी त्याने अख्ख्या बाकाला दारांची योजना समजावून सांगितली. एका आजोबांनी तर ऑर्डरही दिली. डॉक्टरबाईंनी मात्र बायकोला नाही, त्यालाच विचारलं, "काय होतंय? तुमच्या शब्दांत सांगा." तो सुसाट सांगत सुटला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आधी तुम्हाला झोप मिळायला हवी. काही दिवस इथे राहाल?" त्याने बायकोकडे पाहिलं, कुरकुर केली आणि राहिला.

तो दवाखान्यात असताना तिथे रुग्णांच्या घरच्यांची एक बैठक असायची, तिथे नर्सने सुताराच्या बायकोला नेलं. कुणाचा मुलगा, कुणाची बहीण, कुणाचा नवरा. तिची पाळी आली तेव्हा तिने टॉवेल घेऊन बसलेल्या सासूबाईंची गोष्ट सांगितली. सगळे हसले, तीही हसली आणि हसता हसता तिचा बांध फुटला. शेजारच्या बाई तिचा हात धरून बसल्या. इतक्या वर्षांत हे तिने कुणापुढे बोलून दाखवलं नव्हतं.

सुतार घरी परतला तो मंदावून. बोलणं तुटक, हाताला गती नाही. "डोक्यात भुसा भरलाय," अशी त्याने डॉक्टरबाईंकडे तक्रार केली. यावेळी गोळ्या परस्पर बंद न करता तक्रार केली, हे बायकोच्या लक्षात आलं. त्यांनी गोळीचं प्रमाण बदललं. हळूहळू तो अर्धा दिवस काम करू लागला. त्या आजोबांना त्याने फोन करून सांगून टाकलं, "तुमची दारं आहेत तशीच ठीक आहेत. मी तेव्हा आजारी होतो."

पुढच्या बैठकीच्या दिवशी ती पायांत चपला सरकवत होती, तेव्हा त्याने विचारलं, "घरच्यांचीच असते का ती? की मीही येऊ?"

"आजची सगळ्यांचीच आहे. पण तुमच्यासमोर तुमच्याबद्दल बोलणार हं मी."

"बोल की," तो म्हणाला आणि शर्ट बदलायला आत गेला.