गोलकीपर तय्यबचं कात्रण

कोकणातला माणूस जगात कुठेही नेऊन टाका, पोटापाण्याचं बघतोच. पण तय्यबने जे केलं ते हर्णैपासून बाणकोटपर्यंत कुणी केलं नसेल. हा गडी बर्फाच्या मुलखात जाऊन गोलकीपर झाला.

झालं असं, तय्यब मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत तेलवाला म्हणून चढला होता. आइसलँडच्या एका लहानशा बंदरात त्याचं पोट दुखायला लागलं. अपेंडिक्स. त्याला इस्पितळात ठेवून बोट निघून गेली. दुसरी मिळेपर्यंत म्हणून तो तिथल्या मासळी खारवायच्या कारखान्यात लागला. आता मासळीला मीठ लावायला आमच्या माणसाला कुणी शिकवावं! मुकादम खूश झाला आणि तय्यब तिथेच राहिला. गावाची फुटबॉलची टीम होती, तिला गोलकीपर नव्हता. लहानपणी पडावातून फेकलेले नारळ झेलणारा हा पोरगा, तो कसला चेंडूला घाबरतोय! झाला उभा.

टीम देशातल्या तिसऱ्या डिव्हिजनची, म्हणजे सगळ्यात खालची. त्याच्या खाली फक्त समुद्र, असं मुश्ताक म्हणायचा. मुश्ताक तय्यबचा थोरला भाऊ, दुबईच्या खोरावर, म्हणजे तिथल्या खाडीवर, जेट्टीचा टॅली क्लार्क. बार्जमधून उतरणारी पोती दिवसभर मोजायची, संध्याकाळी देरा भागातल्या खोलीवर यायचं. खोलीत सहा जण, सगळे आपल्याच बाजूचे, आणि सगळ्यांवर म्होरक्या बदरुद्दीनचाचा.

तय्यबने शाळा दुसरीतच सोडलेली, त्यामुळे पत्र कसलं लिहितोय! पण उन्हाळाभर दर पंधरा दिवसांनी त्याचं पाकीट यायचं. आत पेपरातलं मॅचचं कात्रण आणि त्यात त्याच्या नावाभोवती निळ्या शाईचा गोल. बस्स. पत्ता तिथली दुकानवाली बाई टाइप करून द्यायची. गोल आला म्हणजे भाऊ जिवंत, ठणठणीत. ती भाषा कुणाला वाचता येत नव्हती, पण आकडे सगळीकडे सारखेच. शून्य-सहा. एक-पाच.

"तुझा भाऊ गोल अडवतो की मोजतो रे? तू पोती मोजतोस, तसा?" चाचा विचारायचे.

"चाचा, डिफेन्स वीक आहे त्यांचा," मुश्ताक खरोखर रागावून म्हणायचा.

सप्टेंबर संपला की खेळ बंद आणि पाकिटंही बंद. रमजान तेव्हा डिसेंबरात येत होता, आणि तिथे डिसेंबरात दिवस असतो जेमतेम चार-पाच तासांचा. एवढासा रोजा अल्लाच्या दरबारात धरतात की नाही, याचाच गावी अम्मा मैमुनाबीला घोर. दुसरा घोर साजिदाचा. साजिदा तय्यबच्या नावाने चार वर्षं बसलेली. तिच्या अब्बांनी सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात निरोप धाडला, बकरी ईदपर्यंत पोरगा आला नाही तर आम्ही दुसरीकडे बघतो. मुश्ताकने जेट्टीवर तय्यबसाठी जागा बोलून ठेवली होती. आता तय्यबने यायचं, एवढंच बाकी होतं.

ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी, गुरुवारी, पाकीट आलं. पत्ता तसाच टाइप केलेला. आतलं कात्रण मात्र हातभर लांब, आणि वर चक्क तय्यबचा फोटो! गोलकीपरच्या स्वेटरमध्ये, केस विंचरलेले. खाली ठळक नाव, नावाखाली दोन तारखा, एक जून एकोणीसशे छत्तीस आणि चोवीस जुलै एकोणीसशे सदुसष्ट. मग मजकूरच मजकूर, शेवटी चार जणांची नावं.

खोलीत ही गर्दी झाली. "कॅप्टन केलाय!" मुश्ताक ओरडला. त्याने सगळं जुळवूनच टाकलं. छत्तीस साली क्लब निघाला असणार, चोवीस जुलैला मोठी मॅच जिंकली असणार, खालचे चार म्हणजे कमिटी. निळा गोल नव्हता, तेही एकाने काढलं. "अरे, फोटो छापल्यावर गोल कशाला पाहिजे?" मुश्ताक म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं.

तो तसाच बाजारात गेला आणि मस्कती हलव्याचा डबा घेऊन आला. सहा जणांनी खाल्ला, शेजारच्या दोन्ही खोल्यांत वाटला, होडीतून खोर पार करून देणाऱ्या अब्रावाल्यालाही चारला. चाचांनी हात उचलून तय्यबसाठी दुवा मागितली. कात्रण खळीने भिंतीवर चिकटवलं, आणि मुश्ताकने अम्माला पत्र टाकलं, आपला तय्यब कॅप्टन झाला.

आता बघा, त्या पत्राने काय केलं. अम्माचं उत्तर आलं, तिने ते पत्र मोहल्ल्यात सगळ्यांना वाचून दाखवायला लावलं होतं, आणि साजिदाचे अब्बा आणखी एक वर्ष थांबायला तयार झाले होते. कॅप्टन जावई कोण सोडतो!

ऑक्टोबरात जेट्टीचे नवे पास निघाले. मुश्ताक, चाचा आणि खोलीतला आणखी एक जण असे तिघे फॉर्म भरून काउंटरपुढे उभे राहिले. तिथला क्लार्क केरळचा. त्याने तिन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले आणि हसायला लागला.

"अरे भाई, तुम तीनों एक ही दिन पैदा हुए क्या? फर्स्ट जून, फर्स्ट जून, फर्स्ट जून!"

चाचाही हसले. "वो हमारे मास्टरजी की मेहरबानी है."

हसण्यासारखंच होतं ते. गावात कुणाचा जन्म कधीचा, हे आईला विचारलं तर ती सांगणार, तुफान झालं त्या साली, आंबे उतरत होते तेव्हा. मास्तर कुठे लिहीत बसतात! शाळेत नाव घालायला आणलेल्या प्रत्येक पोराला त्यांनी एक जून देऊन टाकला. तीच तारीख दाखल्यावर, तीच बोटीच्या कागदांवर, तीच पासपोर्टात. घरात ती तारीख कुणाच्या तोंडी नसायची. ती फक्त कागदाला लागायची.

मुश्ताक हसला नाही. त्याने फॉर्मवरच्या आपल्या तारखेकडे बघितलं. एक जून एकोणीसशे तेहतीस. तय्यब तीन वर्षांनी धाकटा.

"चाचा," तो म्हणाला, "क्लबची नाही ती."

"काय?"

"छत्तीस सालची तारीख. ती तय्यबची आहे."

चाचांना कळायला थोडा वेळ लागला. पहिली तारीख तय्यबची, तर दुसरीही त्याचीच. क्लार्क "यल्ला, यल्ला, नेक्स्ट" करत होता. मुश्ताकने सही केली, पास घेतला, घडी करून खिशात ठेवला.

खोलीवर येऊन त्याने पाण्याचा हात लावून कात्रण सावकाश सोडवलं आणि ते खोरातला गाळ काढणाऱ्या जहाजावर नेलं. तिथे एक नॉर्वेचा मेट होता, कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी. त्याला ती भाषा अर्धीमुर्धी लागायची. तो वाचता वाचता उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. म्हणाला, कारखान्याची मासेमारीची बोट उलटली, तिघे गेले, त्यात हा. तिकडे कुणी गेलं की ओळखीचे लोक पेपरात त्याच्याविषयी लिहितात, साधा मजूर असला तरी. हे चौघे टीममधले. त्यांनी लिहिलंय, सहा गोल खाल्ले तरी हा हसत घरी यायचा, आणि याच्याएवढं चांगलं मीठ गावात कुणी लावत नव्हतं.

"थँक यू, सर," मुश्ताक म्हणाला.  वाटेत जेट्टी लागली. एका बार्जमधून माल उतरत होता, मुश्ताक उभा राहिला आणि त्याने पोती मोजली. एकशे बारा.

खोलीत बातमी त्याच्याआधी पोचली होती.  मुश्ताकला रडू येत नव्हतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती. तो चटईवर बसून बोटांच्या पेरांवर मोजत होता. जुलैचे सात, ऑगस्टचे एकतीस.

"अडतीस," तो म्हणाला. "चाचा, तो जाऊन अडतीस दिवस झाले होते, आणि मी हलवा वाटला. आपण सगळ्यांनी खाल्ला."

 बदरुद्दीनचाचा जवळ येऊन बसले.

"मयताचा चाळीसावा दोन दिवस अलीकडेही धरतात, मुश्ताक. गोड खाऊ घालतात, दुवा मागतात. गुरुवार बघून धरतात. गुरुवारच होता तो. आणि दुवा मी मागितली होती."

असरची नमाज झाल्यावर मुश्ताकने ट्रंकेवर कागद ठेवला. अम्माला वाचता येत नाही. पत्र मोहल्ल्यातलंच कुणीतरी मोठ्याने वाचणार, आणि सगळे ऐकणार. बऱ्याच वेळाने त्याने तीन ओळी लिहिल्या.

"अम्मा, तय्यबचा चाळीसावा मी इथे केला. हलवा होता, सगळ्यांनी पोटभर खाल्ला. साजिदाच्या अब्बांना सांग, थांबू नका."