राखोडीबाबाची कडू चिमूट

बोईसरच्या त्या मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. स्टेजवर एक बाई थरथरत होती. नाकाडोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया. राखोडीबाबांनी तिच्या जिभेवर अंगारा ठेवला, कानात फुंकर मारली, आणि भजनं संपेस्तोवर बाई टुणटुणीत! "व्यसनाचं पिशाच्च पाणी होऊन वाहून गेलं!" बाबा गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला. वा रे पिशाच्च, दर गुरुवारी जातं आणि शुक्रवारी परत येतं!

गर्दीत दांडी गावची चंद्रकांता पाय चाळवत बसली होती. मासळीच्या पाट्या वाहून तिची कंबर गेली, तेव्हा दुकानातून दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. कंबर राहिली बाजूला, गोळीच मानगुटीवर बसली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर स्नेहांच्या औषधाने ती जरा सावरली होती. पण सासू रत्नाबाईंना पटेना. "गोळी सोडवाया गोळी? ही कुठली रीत! बाबाचा अंगारा घे. बरी झालीस का पूर्वीला सफाळ्याहून आणू."

गोळ्यांपायी माहेरी ठेवलेल्या लेकीसाठी तिने दवाखाना सोडला, अंगारा धरला. आणि गुण आला की हो! अंगारा घेतला की अंग हलकं. चुकला की हाडं ठणकायची, झोप उडायची. "पिशाच्च चिवट हाय," सासू म्हणे, "चिमूट वाढव."

देवाचं आलेलं एकटीने खायचं नाही, ही दांडीच्या बायांची जुनी सवय. बोंबील वाळत घालताना चंद्रकांतेने नणंदेला, भाविकाला, अंगारा दिला. "कडू हाय गं!" भाविका म्हणाली. "कडुलिंबाचा हाय म्हणतात बाबा." भाविका तापातही गोळी न घेणारी पोर. थोड्या वेळाने ती नाक खाजवू लागली, ओकली आणि भर उन्हात वाळूवरच कलंडली. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या, श्वास मंद.

चंद्रकांता तिच्याकडे धावली. पहिल्या गोळीला तीही अशीच खाजवत, ओकत पडली होती. "अगो बाय! ह्ये तं त्येच हाय!" तिने रिक्षा गाठली आणि भाविकाला सरकारी दवाखान्यात नेलं.

भाविका वाचली. अंगारा तपासला, तर राखेत त्याच दुखण्याच्या गोळ्यांचा भुगा! "गोळी बंद झाली की त्रास होतो, मिळाली की थांबतो," डॉक्टर म्हणाल्या. "पिशाच्च कसलं?"

"मग तुमचं औषध तरी येगळं कसं?" चंद्रकांतेने चिडून विचारलं.

"त्यात काय आहे ते तुला सांगते. मोजून देते. तुझी तब्येत बघून पुढचं ठरवते. तो यातलं काय करतो?"

पुढच्या गुरुवारी चंद्रकांता स्टेजसमोर उभी राहिली. "बाबा, मूठभर अंगारा तुमी खावा."

"आज आमचा उपवास आहे."

"अंगाऱ्यानं उपास मोडतो व्हय?" मांडव खदखदून हसला. चेले धावले, तशा रत्नाबाई पदर खोचून आडव्या आल्या. "माझ्या लेकीला मारत होतास, मुडद्या! सुनेला हात तर लाव!" डॉक्टरांनी पोलिसांना आधीच कळवलं होतं; त्यांनी बाबांना अंगाऱ्याच्या पोत्यांसकट नेलं.

पण मागे राहिलेल्या बाया रडू लागल्या. "उद्या हाडं ठणकली तर काय करू?"

"ठणकतील," चंद्रकांता म्हणाली. "माझीबी ठणकतात. दवाखान्यात चला, मी संगं बसते. पन पुडीत काय हाय, ते इचारल्याबिगर तोंडात घालू नका. इचारलं म्हनून देव कोपत नाय. कोपतो तो लबाड."

रत्नाबाईंनी डोळे पुसले आणि सफाळ्याला फोन लावला. "पूर्वीला आजच धाडा," त्या म्हणाल्या. "नाय, अजून बरी नाय झाली तिची आय. म्हनून तं धाडा."