तिसरं रिबिट

दारव्ह्याच्या बाजारात त्या दिवशी वाद एवढाच होता, की चोर कोण. मन्सूर का पोपट छाप.

पोपट छाप म्हणजे चाकू. कागदी डबीत यायचा. डबीवर हिरवा पोपट, चोच लालभडक. कडुनिंबाखाली लाल कापड अंथरून कंपनीचा माणूस डब्या रचून बसला होता. इस्त्रीचा सदरा, शहरी बोली, अन् गळा असा की भाजीवाल्या बायाही गप झाल्या.

"संत्र्याचे डोळे भरायचा खास चाकू. कंपनीने स्वतः काढलेला नमुना. गावठी नकलांपासून सावध राहा मंडळी."

गावठी नकला म्हणताना तो समोर हात दाखवायचा. समोर मन्सूरचं दुकान.

दुकान म्हणजे काय, एक भट्टी, एक साण अन् रस्त्याकडं काढलेली फळी. पण संत्र्यावाल्यांना नेरपासून दारव्ह्यापर्यंत दुसरा चाकू माहीत नव्हता. जंबेरीच्या, म्हणजे जंगली लिंबाच्या, खुंटाला चीर द्यायची, साल अलगद उचलायची, आत संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बसवायचा अन् केळीच्या सोपटानं बांधून टाकायचं. त्यातलं साल उचलणं हे नाजूक काम. लोखंडानं उचलली तर आतलं ओलं लाकूड दुखावतं, डोळा वाळतो. म्हणून मन्सूरच्या बापानं, गुलाम नबीनं, म्हशीच्या शिंगाची मूठ केली अन् तिचं शेपूट नखासारखं पातळ घासलं. पात्यानं चीर द्या, उलटा करा, शेपटानं साल उचला. जगात कुठं कोणी आधी केलं असेल तर अल्ला जाणे. या पट्ट्यात तरी ते गुलाम नबीचं होतं. म्हातारा गेला तेव्हा मन्सूरला हेच ठेवून गेला. अन् एक रीत.

रीत अशी, की चाकू हातात हात देऊन द्यायचा नाही. फळीवर ठेवायचा, घेणाऱ्यानं उचलायचा. हातोहात दिलेला चाकू दोस्ती कापतो.

अन् आता हा पोपटवाला भर बाजारात सांगत होता, की ते शेपूट त्याच्या कंपनीचं.

सकाळी निघताना हजराबीनं, त्याच्या बायकोनं, डबा देता देता बजावलं होतं. "सुनो जी, झगडा नको करना. तुमारे हाथ में चीज तेज रहती."

म्हणून मन्सूर फळीवर बसून होता. बाजार पाहत होता, पण तिकडं पाहत नव्हता. पोपट छापला त्यानं अजून हातसुद्धा लावला नव्हता. रागच तसा होता.

त्याच्या बाजूनं भांडत होता तो भगवानराव. मन्सूरचा लहानपणापासूनचा दोस्त, बोरी रस्त्याला त्याचा संत्र्याचा बगीचा. शाळेत चौथीपर्यंत दोघं एका टाटपट्टीवर बसले. भगवान डावखुरा. मास्तरनं पट्टीनं बोटं फोडून त्याला उजव्यानं लिहायला लावलं, घरी आईनं उजव्यानं जेवायला लावलं. चारचौघांत तो उजवाच. पण बगीच्यात खुंटासमोर बसला की चाकू डाव्या हातात. ते मन्सूरला माहीत होतं, दुसऱ्या फार कोणाला नाही.

"ओ पोपटवाले," भगवान कापडापुढं उभा राहून म्हणत होता, "आमच्या मन्सूरचा बाप हे शेपूट घासून राह्यलता तवा तुमची कंपनी अंड्यात होती."

लोक हसले.

"साहेब, पुरावा काय?" पोपटवाला हसूनच म्हणाला. "आमचा माल पाहा. चमक पाहा. सगळे चाकू एकसारखे. तुमच्या मन्सूरभाईंचा एक चाकू दुसऱ्यासारखा दाखवा."

"ते मात्र बरोबर हाय," मारोतराव म्हणाले. नेरच्या रस्त्याला त्यांचा मोठा बगीचा, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणं तोलूनमापून. त्यांनी पोपट छापचा अख्खा पुडा मागच्या महिन्यातच आपल्या माणसांसाठी घेतला होता, म्हणून त्यांना तो चांगला असणं भाग होतं. "पोलाद चांगलं हाय. गंजत नाई. भगवानराव, दोस्ती एकीकडे अन् माल एकीकडे."

"मंग तुमच्या बगीच्यातले डोळे काहून वाळले, मालक?"

हे प्रेमसिंग. तांड्यावरचा म्हातारा, डोळे भरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मारोतरावांच्याच बगीच्यात कामाला होता, म्हणून त्यांनी त्याच्याकडं जरा रागानं पाहिलं.

"मले तं वाटते तुमी लोकं मुद्दाम करता. हाताची सवय जात नाई."

"हाताची सवय कायले नाव ठेवता. हा चाकू लाकडात घुसते. मी सरळ चालवतो, तो आपल्या मनानं जाते. बैलाले नाकात वेसण नसल्यावानी."

"पोपटच तो, उडणारच," कोणीतरी मागून म्हणालं.

"घ्या खुंट," भगवान म्हणाला. "आता पाहूनच टाकू. दोन्ही चाकू चालवा. होऊ द्या फैसला. मन्सूर, तुहा एक चाकू दे."

मन्सूरनं फळीवर चाकू ठेवला. भगवाननं उचलून नेला. दोस्त आपल्यासाठी एवढा भांडतोय हे पाहून मन्सूरला बसवेना. तोही उठला अन् मागं मागं गेला.

भगवानसाठी त्यानं आज दुकानाच्या खणात एक चाकू घडवूनही ठेवला होता. त्याची गोष्ट अशी. या चाकूला धारेचा उतार एकाच अंगाला असतो, उजव्या हाताच्या हिशेबानं. डाव्या हातानं चालवला तर तो लाकडात शिरतो. म्हणून भगवानसाठी मन्सूरनं आधी एक उलटा चाकू घडवला होता, उतार दुसऱ्या अंगाला. भगवानच्याच मेलेल्या म्हशीचं शिंग. शिंगाला शेवटाकडं चीर निघाली, फेकवत नव्हतं, म्हणून पातं मुठीत धरणारी नेहमीची दोन रिबिटं मारून चिरेजवळ तिसरं मारलं. तीन रिबिटांचा चाकू त्यानं आयुष्यात एकच केला.

तो चाकू उन्हाळ्यात विहिरीत पडला. भगवान तोंड पाडून सांगत आला होता. विहीर आटलेली, कमरेइतकं पाणी. मन्सूर स्वतः दोर धरून उतरला, गाळात बोटं घालून घालून शोधला. वरून भगवान सांगत होता, "अजून थोडा कोपऱ्यात शोध." नाही सापडला. मन्सूर म्हणाला, जाऊ दे, दुसरा करतो. तो दुसरा आज खणात होता.

जंबेरीची ओली फांदी आली. प्रेमसिंग उकिडवा बसला. आधी मन्सूरचा चाकू घेतला. उभी चीर, आडवी चीर, उलटा करून शेपटानं साल उचलली. साल पानासारखी सुटली. आतलं लाकूड ओलं, चकचकीत, ओरखडा नाही.

मग पोपट छाप. त्याच हातानं, त्याच फांदीवर. चीर निघाली ती अर्ध्यात आत घुसली, साल फाटली.

"सवयीचा प्रश्न आहे," पोपटवाला म्हणाला.

"आणा इकडे," म्हणून मारोतरावांनी धोतर सावरलं, खाली बसले. त्यांचीही चीर तिरपी गेली. त्यांनी चाकू प्रकाशात धरून पाहिला, जसं काही तोच खोटं बोलत होता.

"मले पाहू द्या," मन्सूर म्हणाला.

तोवर त्यानं तोंड उघडलं नव्हतं, म्हणून लोक बाजूला झाले. त्यानं पोपट छाप हातात घेतला. पातं सदऱ्याला पुसलं. बोट आधी या अंगावरून फिरवलं, मग त्या अंगावरून.

उतार उलटा होता.

त्यानं दुसऱ्या डबीतला काढला. तोही उलटा. तिसरा, तसाच. अन् प्रत्येकाच्या मुठीवर तीन रिबिटं. दोन जागच्या जागी अन् तिसरं शेवटाकडं, जरा वाकडं. शिंगाला कुठं चीर नव्हती. चीर नसलेल्या नव्याकोऱ्या मुठीवर कंपनीनं चिरेचं रिबिट मारलं होतं. कारण नमुन्याला होतं.

मन्सूरला पहिल्यांदा हसूच आलं. मग ते हसू घशातच राहिलं. कारण असा चाकू त्यानं एकच केला होता, अन् तो विहिरीत होता.

त्यानं मान वर केली. भगवान अजून बोलतच होता. "पायलं ना मारोतराव, बेकार माल. बेकार मालाच्या कंपनीनं आमच्या माणसाले चोर म्हनाव?"

"भगवान," मन्सूर म्हणाला, "तू चालवून पाय."

"मी? प्रेमसिंगनं चालवला, आता मी कायले?"

"पाय तं खरं."

मन्सूरनं चाकू खाली कापडावर ठेवला. भगवान वाकला. क्षणभर त्याचा डावा हात हलला, अन् मग त्यानं उजव्या हातानं चाकू उचलला.

तिथंच मन्सूरला कळलं. आतापर्यंत मनात कुठंतरी वाटत होतं, की विहिरीतून कोणी काढून विकला असेल, एखाद्या गड्यानं. पण ज्या माणसानं जन्मात खुंटाला उजवा हात लावला नाही, तो आज लावत होता. चारचौघांची सवय म्हणावी, तर डावा हात आधी हलला नसता.

भगवाननं चीर ओढली. वाकडी गेली. "पाय, मी म्हनलं ना." त्याच्या कपाळाला घाम होता.

"आता डाव्या हातानं," मन्सूर म्हणाला.

"काय डाव्या हातानं."

"तुया हातानं."

भगवाननं चाकू डाव्या हातात घेतला. काय करणार, सगळे पाहत होते. चीर सरळ गेली. आडवीही सरळ. उलटा करून शेपूट घातलं, साल सुटून वर आली.

पोपटवाल्यानं टाळी वाजवली. "पाहिलंत? जाणकार हात पाहिजे मंडळी, जाणकार हात."

बिचाऱ्याला काहीच कळलं नव्हतं. पण प्रेमसिंगला कळलं. त्यानं एक एक चाकू उचलून धार पाहिली अन् त्याचं बोळकं तोंड पसरत गेलं. "अरे देवा. कंपनीनं साऱ्या मुलुखासाठी डावखुरे चाकू काढले."

मग जे हसणं उठलं ते बांगड्यांच्या ओळीपर्यंत गेलं. मन्सूरनं तिसऱ्या रिबिटाची गोष्ट सांगितली, मोजक्या शब्दांत, कोणासाठी केला ते न सांगता. कोणीतरी म्हणालं, पोपट शिकवलं तेवढंच बोलते. मारोतरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"म्हंजे नक्कल यांनीच केली. मन्सूर, बावा, आमची चूक झाली. माह्या माणसाईले तुहाच चाकू लागन आता." मग त्यांनी सरळ विचारलं, "पन कंपनीले डावा चाकू भेटला कोठून?"

भगवान जंबेरीच्या फांदीकडं पाहत होता.

मन्सूरच्या जिभेवर नाव आलं होतं. सगळा बाजार ऐकायला उभा होता.

"विहिरीतून भेटला असन," तो म्हणाला, अन् आपल्या फळीकडं चालू लागला.

दिवस कलला. पोपटवाला डब्या आवरून कधीच गाडीला गेला होता. भगवान आला तेव्हा मन्सूर भट्टीतली राख ओढत होता. एरवी भगवान सरळ फळीवर चढून बसायचा, चहा सांग म्हणायचा. आज रस्त्यातच उभा राहिला.

"तू नाव नाई घेतलं."

मन्सूर राख ओढत राहिला.

"जावई आहे ना अमरावतीचा. कंपनीवाले त्याले एजन्शी देतो म्हने. नमुना दाखव म्हने काही नवा. पोरीच्या घरचं होतं रे."

"भेटली एजन्शी?"

"नाई. दुसऱ्याले देली."

मन्सूरनं मान हलवली, जशी गिऱ्हाइकाचं ऐकून हलवतात. "मले मागाचा ना चाकू."

"तू देला असता?"

"देला असता." मन्सूर थांबला. "उजवा देला असता."

भगवानच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं, जुन्या सवयीनं. मन्सूरकडं पाहून ते परतलं.

"आज मी तुह्याच बाजूनं भांडलो, मन्सूर. मनापासून भांडलो."

"तेच तं. तसंच तू विहिरीवरही होता. मी खाली गाळ चाळून राह्यलतो अन् तू वरून जागा दाखवून राह्यलता. अजून थोडा कोपऱ्यात शोध. चाकू अमरावतीले अन् मी कोपऱ्यात." त्यानं हात झटकले. "एवढं कायले केलं भगवान? सांगितलं असतं गेला म्हून, तं उतरलो नसतो."

समोरून एक रिकामी बैलबंडी गेली, तिच्या मागं धूळ.

मन्सूरनं खण ओढला. उन्हाळ्यापासून सवड काढून केलेला चाकू बाहेर काढला. दोनच रिबिटं, शिंगाला कुठं चीर नाही. उतार डाव्या हाताचा.

"हा घेऊन जाय."

"नको रे. मी कोन्या तोंडानं..."

"ठेवून काय करू? दुसऱ्या कोनाच्या हाताले चालत नाई."

भगवान फळीपाशी आला. फळीकडं पाहत थांबला. चाकू तिथं ठेवला जाईल, मग आपण उचलू. लहानपणापासून गुलाम नबीच्या दुकानात त्यानं हेच पाहिलं होतं. मन्सूरनं हात पुढं केला होता. चाकू हातातच होता, मूठ भगवानकडं.

"फळीवर ठेव ना," भगवान हळूच म्हणाला.

"धर."

"मन्सूर, फळीवर ठेव."

मन्सूरचा हात तसाच राहिला. भगवाननं इकडंतिकडं पाहिलं, रस्त्यावर कोणी नव्हतं. मग त्याचा डावा हात वर आला अन् त्यानं मन्सूरच्या हातातून चाकू घेतला.

मन्सूरनं फळी आत ओढली.