कापलेला तलाव

पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. पोरं म्हणत, त्यांच्या आया म्हणत आणि सकाळी गुडघे चोळत येणारे, वयाने तिच्याहून मोठे असलेले आजोबासुद्धा मावशीच म्हणत. तिची जागा म्हणजे पुढे एक खिडकी, मध्ये फिरती खुर्ची आणि पाठीमागे मोठी काच. खिडकीतून माणसं कपड्यांत दिसायची आणि थोड्या वेळाने काचेतून तीच माणसं पाण्यात. खिडकीशी साहेबी तोऱ्यात बोलणारा माणूस काठाची दांडी धरून पाय आपटताना दिसला की मावशीला आतल्या आत हसू फुटायचं.

त्या काचेमुळेच ती चित्रं काढायला लागली. शिकवलं कुणी नाही. आधी संपलेल्या तिकीटबुकांच्या पुठ्ठ्यांवर पेन्सिलीने, मग लेकीच्या शाळेतून उरलेल्या रंगांनी. पाणी निळं नसतं, खालची फरशी निळी असते, हे तिचं तिलाच कळलं आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी तिने दोन माणसांना चुकीची तिकिटं दिली.

पाठदुखीसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलेला एक फ्रेमवाला तलावावर यायचा. एकदा त्याने खिडकीला टेकवलेला पुठ्ठा पाहिला.

"हे कुणी काढलं?"

"मीच. का हो?"

"आत येऊ का? जवळून बघतो."

त्या दिवशी तो पोहलाच नाही. पुठ्ठा घेऊन गेला आणि पांढऱ्या पट्टीच्या फ्रेममध्ये बसवून घेऊन आला. पुढे त्यानेच तिला कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणायला शिकवलं, कोपऱ्याची घडी कशी मारायची ते दाखवलं, स्वस्त रंग कुठले घ्यायचे आणि कुठले फुकट मिळाले तरी घ्यायचे नाहीत ते सांगितलं. दुकानाच्या वरची काचा ठेवायची लांब खोली त्याने रिकामी केली, चुना मारला आणि म्हणाला, "ताई, आपण इथे गॅलरी करू." गॅलरी म्हटल्यावर मावशीच्या डोळ्यांपुढे आधी कपडे वाळत घालायची जागाच आली. दोघंही पोट धरून हसले.

तिथे दरवर्षी गावातल्या हौशी चित्रकारांचं प्रदर्शन भरायला लागलं. एक निवृत्त पोस्टमास्तर फक्त डोंगर काढायचे. एक दातांचे डॉक्टर फक्त गुलाब. मावशीचं पाणी मात्र लोक थांबून बघायचे. ती फ्रेमवाल्याला दादा म्हणायला लागली, तिची लेक त्याला मामा. मावशीचा नवरा गेला तेव्हा दवाखान्यात तिच्याआधी तोच पोचला होता.

नवरा गेल्यानंतर मावशीने एक मोठं चित्र काढायला घेतलं. कपाटापासून दारापर्यंतची अख्खी भिंत व्यापेल एवढं. पलंग स्वयंपाकघराच्या तोंडाशी सरकवावा लागला, लेकीला अंग चोरून ये-जा करावी लागली. अख्खा तलाव त्यात होता. खुर्चीत पेंगणारा जीवरक्षक, पाठीवर तरंगणारी पोटुशी बाई, उडी मारताना हवेत असलेली लहान वयातली लेक, दांडी धरून पाय आपटणारे साहेब. आणि मधोमध, काठावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात पाय सोडून बसलेला नवरा. त्याला पोहता येत नव्हतं. मावशीची पाळी संपायची वाट बघत तो रोज संध्याकाळी असाच बसायचा. चेहऱ्यावर तिने सगळ्यात जास्त काम केलं. पुसला, काढला, पुन्हा पुसला.

ते चित्र प्रदर्शनात लागलं. लोक त्याच्यापुढून हलायचे नाहीत. शेवटी म्हणायचे, "सुंदर आहे हो, पण आमच्याकडे एवढी भिंत कुठंय?" घरच्या भिंतीला ओल धरली म्हणून मावशीने ते दादाच्या वरच्या खोलीतच ठेवायला दिलं.

"दादा, माझा माणूस आहे त्यात. सांभाळा."

"ताई, हे काय सांगणं झालं?" तो म्हणाला, आणि त्याला थोडं वाईटही वाटलं.

ज्या वर्षी मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्या वर्षी तिने काही काढलं नाही. दादाने प्रदर्शनाचं नाव ठेवलं होतं 'छोटी चित्रं'. जायचं म्हटलं तर लेक आडवी आली. "आई, आत्ताच कशाला? जिना किती उभा आहे. डोळ्यात धूळ गेली म्हणजे?" उद्घाटनाला मावशी गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तिला राहवेना. आपलं काही नसलं म्हणून काय झालं, पोस्टमास्तरांचे डोंगर बघायला नकोत का?

खोलीत दोन-चार माणसं होती. समोरच्या भिंतीवर ओळीने लहान चित्रं लावली होती. नव्या डोळ्याने सगळंच लख्ख दिसत होतं. पहिल्या चित्रापुढे ती उभी राहिली आणि मनात आलं, कुणीतरी पाणी फार छान काढलंय. थोडी असूयाही वाटली. कोण असेल हा नवा माणूस, म्हणून तिने खालची सही बघितली. सही तिची होती.

तिला आधी वाटलं, विसरले असेन. मग पुढचं चित्र बघितलं. पेंगणारा जीवरक्षक. त्याच्या पुढचं, हवेतली लेक, एकटी, खाली फक्त पाणी. त्याच्या पुढे पाण्यात सोडलेले दोन पाय, गुडघ्यावर दुमडलेली पँट, आणि गुडघ्याच्या वर फ्रेमची पांढरी पट्टी. त्या चित्राखाली विकल्याची लाल टिकली लावलेली होती.

मावशी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चेहरा शोधत गेली. शेवटच्या तुकड्यात कडेला नवऱ्याचा टॉवेलवर टेकलेला हात असायला हवा होता. तिथे पाणी होतं. नवं, जाड, सरळ ट्यूबमधून काढलेलं निळं पाणी.

"मावशी, अभिनंदन बरं का!" दातांचे डॉक्टर गुलाबांपाशी उभे राहून म्हणाले. "यंदा सगळ्यात जास्त टिकल्या तुमच्याच."

ती जिना उतरली. दादा खाली टेबलाशी पट्टी कापत होता. तिला बघून त्याने करवत ठेवली.

"वर गेला होतात?"

"चेहरा कुठाय?"

"कुठला?"

"ह्यांचा."

तो हात पुसायला लागला. हाताला काही लागलेलं नव्हतं. "ताई, बसा आधी. बघा, ते चित्र नुसतं भिंतीला टेकून पडलं होतं. कुणी घेणारं नव्हतं. आणि त्यात किती चित्रं होती! मला रोज दिसायची. तुमचं नाव लोकांच्या घरात जायला हवं होतं."

"चेहरा."

"तो मध्ये आला हो. दोन्हीकडचे तुकडे चांगले बसत होते, तो कुठंच बसेना." त्याने खण उघडला. "टाकला नाहीये. ठेवलाय."

पुठ्ठ्यांच्या उरलेल्या कातरणांमधून त्याने एक गुंडाळी काढली. हातभर लांब, वीतभर रुंद पट्टी. मावशीने ती उलगडली तसा रंगाचा एक पापुद्रा निघून टेबलावर पडला. नवऱ्याच्या कानाखालचा होता.

"आणि सही?" तिने विचारलं.

"मीच केली. मूळची एकाच तुकड्यावर होती ना. आता तुमच्यासारखीच जमते मला." बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं असावं. त्याने मान खाली घातली.

"मला का नाही विचारलंत?"

"विचारलं होतं," तो हळूच म्हणाला. "म्हणजे तुम्हाला नाही. तुमच्या लेकीला."

मावशी घरी आली ती पट्टी पदराखाली धरून. लेक कामावरून आली, चपला काढता काढता तिने आईचा चेहरा बघितला आणि तिथेच उभी राहिली.

"तू हो म्हणालीस?"

"आई, तुझं ऑपरेशन होतं. मामा म्हणाले जागा हवीय, चित्राचं मी काहीतरी करतो, नाहीतर ते घरी न्या. कुठे ठेवणार होतो आपण?"

"मला सांगायचंस."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. म्हणून तर विचारायचं असतं."

लेक पलंगावर बसली. मग एकदम तिचा बांध फुटला. "खरं सांगू? मला ते घरात नकोच होतं. तू काढत होतीस तेव्हा बाबा सारखे इथे बसलेले. जेवताना बसलेले, मी केस विंचरताना बसलेले. तू त्यांच्याशी बोलायचीस, माझ्याशी नाही. मला ते जायला हवं होतं, आई. असं कापतील हे नव्हतं माहीत. शप्पथ नव्हतं माहीत."

"कळलं कधी?"

लेक पलंगावरची चादर सरळ करायला लागली. मावशीला उत्तर मिळालं. जिना उभा आहे, डोळ्यात धूळ जाईल, हे सगळं तिला एकदम नीट ऐकू आलं. दादाचं बोलणं तिला लागलं होतं, पण ही काळजीची भाषा त्याहून खोल गेली. तिने स्वयंपाक केला, दोन ताटं वाढली, आपलं तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती ब्लेड घेऊन वरच्या खोलीत गेली आणि टिकली नसलेल्या प्रत्येक तुकड्यावरची सही खरवडून काढली. पोस्टमास्तर म्हणाले, "अहो मावशी, असं काय करताय?" ती म्हणाली, "हे माझं नाही." दादा दारात उभा होता. त्याने अडवलं नाही.

पाय कुणी घेतले ते तिने त्यालाच विचारलं. एका म्हाताऱ्या बस ड्रायव्हरने घेतले होते. प्रदर्शन संपल्यावर, चित्र त्याच्या घरी गेल्यावर, मावशी त्याचा पत्ता शोधत गेली. खोली साधी, नीटनेटकी, एकट्या माणसाची. पाय जेवणाच्या टेबलासमोर लावले होते.

"हे चित्र मला परत हवंय," ती म्हणाली. "एका मोठ्या चित्रातून कापून काढलंय. मला न विचारता."

ड्रायव्हरने सगळं ऐकून घेतलं. तिला पाणी दिलं. मग अवघडून म्हणाला, "बाई, तुमचं चुकत नाही. पण मी आयुष्यभर पायांनीच काम केलं. ब्रेक, क्लच, ब्रेक, क्लच. हे पाय काहीच करत नाहीत. कुणाची तरी वाट बघतायत, एवढंच. मी जेवताना बघत बसतो. न्यायचंच म्हणाल तर न्या, मी भांडणार नाही."

मावशीने वर बघितलं. या घरात, दुसऱ्याच्या भिंतीवर, तिने ते पहिल्यांदा नुसतं चित्र म्हणून बघितलं. आणि तिला दिसलं की ते चांगलं होतं. चेहऱ्यात जे आणायला तिने इतकं पुसलं आणि काढलं होतं, ते या पायांत आधीपासूनच होतं, आणि कापणाऱ्याने नेमकं तिथेच कापलं होतं, बोटभरही इकडे नाही की तिकडे नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दादा चुकला असता, त्याने काहीतरी बेंगरूळ कापून ठेवलं असतं, तर तिला नुसतं रडता आलं असतं. तो बरोबर होता, आणि तरी त्याने तिचा माणूस खणात गुंडाळून ठेवला होता.

"राहू द्या," ती म्हणाली.

"मग खाली सही तरी तुमची करा," ड्रायव्हर म्हणाला. पेन शोधायला लागला.

"नको. मी हे असं काढलंच नव्हतं."

ती पट्टी मावशीने सरळ करून दोन पुठ्ठ्यांत दाबून ठेवली. चौकटीवर ताणता येण्याइतकं कापड तिच्या कडेला उरलेलं नव्हतं. लेकीशी बोलणं सुरू झालं, भाजीचं, गॅसचं, कामावरचं. लेक दोनदा रडून माफी मागून गेली आणि मावशीने दोन्ही वेळा तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पण कागदांची जी पेटी आजवर उघडीच असायची, तिला तिने कुलूप लावलं. लेकीने ते बघितलं आणि विचारलं नाही.

दादाकडे ती पुन्हा गेली नाही. कॅनव्हास स्वतःच ताणायला लागली. पुढच्या वर्षी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली तिने मागून घेतली आणि एकटीचं प्रदर्शन भरवलं. नुसतं पाणी. रिकामा तलाव, पहाटेचा, दुरुस्तीला उपसलेला, तळाशी हातभर पाणी उरलेला. माणूस एकही नाही. डॉक्टर आले, पोस्टमास्तर आले, ड्रायव्हर चांगला शर्ट घालून आला.

शेवटच्या दिवशी दादा आला. तो प्रत्येक चित्रापुढे पहिल्यासारखाच उभा राहिला, हात पाठीमागे, मान जराशी कलती. सगळं बघून झाल्यावर तो तिच्यासमोर आला. त्याच्या तोंडाशी बरंच काही आलेलं दिसत होतं.

"कोपरे सैल आहेत, ताई," तो म्हणाला. "पावसाळ्यात झोळ पडेल."

"पडू दे."

"मी एका दिवसात ताणून..."

"हात लावू नका."

तो जिन्याकडे गेला. उतरताना त्याचे पाय ऐकू येत होते, मध्येच थांबत, पुन्हा उतरत. मावशीला त्याला हाक मारावीशी वाटली, आणि वाटली याचाच तिला राग आला. तेवढ्यात एका बाईने विचारलं की हे पाणी असं हिरवट का दिसतं. मावशी तिच्याजवळ गेली आणि उपसायच्या आधी तलाव कसा दिसतो ते तिला सांगायला लागली.